अजिंठ्याचे हंस आणि वत्सगुल्म

रिसोड तालुक्यातील रिठद गाव ज्या वाशिम जिल्ह्यात येते, ते वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशिमलाच सापडला. याच शाखेतील हरिषेण हा इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. त्याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे 16 व्या क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघास दान दिले. त्यामुळे रिठदच्या उपासकाने अजिंठ्यास जाताना स्वतःस परका पाहुणा समजू नये, असे आम्हांस वाटते.

अजिंठ्याविषयी लिहिणारे बहुधा पद्मपाणीपाशी थांबतात. आम्ही वाचकांचे लक्ष छतांकडे वेधू इच्छितो. पहिल्या व दुसऱ्या लेण्यांत छतावर चौकटी पाडून कमळाची कळी, अर्धे उमललेले फूल, आंबे, पक्षी रंगविलेले आहेत. दुसऱ्या लेण्यात वीसहून अधिक हंसांची माळच आहे. कोणाची मान मागे वळलेली, कोणाची पुढे ताणलेली. एकाची ठेवण दुसऱ्यासारखी नाही. पाणवठ्याकाठी दिवसचे दिवस बसल्यावाचून अशी रेषा हाती येत नाही.

भिंतींवर जातककथा आहेत. छद्दंत हत्तीची कथा दहाव्या लेण्यात आणि काही शतकांनंतर सतराव्यातही रंगविली गेली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचे संक्रमण नाकारले असता या पूर्वजन्मकथांचे आपण काय करावे, असा प्रश्न धम्मवर्गांतून नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याच ग्रंथात करुणा ही मानवाविषयी आणि मैत्री ही सर्व प्राणिमात्रांविषयी, असा भेद बाबासाहेबांनी स्पष्ट केला आहे. हंसाची मान इतक्या निगुतीने पाहणारा चित्रकार पुनर्जन्म मानीत होता की नाही, यावाचून आमचे काही अडत नाही. त्याची मैत्री भिंतीवर दिसते.

हा चित्रकार कोण? वराहदेवाचे नाव शिलालेखात कोरले गेले. ज्याने मातीत भुसा व वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात दिला, गेरूने रेखाटन करून रंग भरले, त्या श्रमिकाचे नाव त्या लेखात नाही. निळा रंग तेवढा दूर अफगाणिस्तानकडील लाजवर्द दगडाचा. गेरू, पिवळी माती, काजळी ही सारी साधी सामग्री.

पुढे रॉबर्ट गिलने 1844 पासून केलेल्या नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत बहुतांशी जळाल्या. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली पुन्हा नकला केल्या. त्यांतील पुष्कळ 1885 च्या आगीत गेल्या. मूळ चित्रांचा शत्रू मात्र अगदी लहान निघाला. गिलाव्यातील भुसा व तंतू हे किड्यांचे खाद्य. वेरुळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याने तेथे कीड कमी लागली, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले आहे. अजिंठ्यात ते नव्हते. तेथे किड्यांनी चित्रे पोखरली.