हरलेल्यालाही पटेल अशी मोजणी



गेल्या दिवाळीत घडलेला प्रकार बहुतेकांना ठाऊक आहे. फराळाचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे डब्लिनला करायचा की या खेपेला लिमरिकला, असा प्रश्न शुक्रवारी रात्री मोबाईलवरच्या आपल्या ग्रुपवर आला. शनिवारी दुपारपर्यंत वीस-बावीस अंगठे उमटले, "ठरलं तर मग, डब्लिन!" असा निरोप आला आणि हॉलचे पैसेही भरून झाले. कॉर्कच्या दोघी भगिनी रुग्णालयात रात्रपाळीला होत्या. त्यांनी फोन पाहिला तो रविवारी. गॉलवेच्या एका कुटुंबाने तर ग्रुपच सोडला. भांडण नाही की तक्रार नाही. पडद्यावर तेवढी एक बारीक ओळ आली आणि ते गेले.

पूर्वी अंगठा ही लिहिता न येणाऱ्याची सही होती. आता शिकले-सवरलेले आपण सगळेच अंगठेबहाद्दर झालो, असे म्हणून आम्ही तेव्हा हसलो. पण त्या बारीक ओळीने मनाला चुटपुट लागली. गावात भांडण झाले तरी दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गाठ पडतेच. आपण मात्र चार-पाच शहरांत विखुरलेली माणसे. आपल्याला धरून ठेवणारी वेस नाही, सरपंच नाही. ज्याला पटले नाही तो एका बोटाने निघून जातो. म्हणून आम्हाला वाटते की अशा समाजात मतदान कसे झाले हे जिंकलेल्याला विचारू नये, हरलेल्याकडे पाहावे. तो थांबला की गेला?

येत्या वार्षिक सभेपुढे मंडळाच्या घटनेतील मतदानाचे कलम यायचे आहे. त्या निमित्ताने, आपल्यासारख्या विखुरलेल्या माणसांनी पूर्वी काय केले याचा थोडा इतिहास आम्ही चाळला. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरुवात घरापासून. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. निवाडा झाला की त्याचा महजर लिहीत आणि त्यावर सभेला हजर असलेल्यांची नावे व निशाण्या घालीत. पाटलाचा नांगर असे आणि बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या खुणा असत. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण खरी, पण ते पाच कोण होते हे कागदावर राहत असे. त्या सभेत कोणाचा शब्द चाले आणि कोणाला तोंड उघडता येत नसे, हेही आपण जाणतो. तरीही हजर असलेल्यांची नोंद ठेवायची, ही रीत चांगली होती.

आता एकदम या काळात येऊ. संगणकावर जमलेला आणि कोणीही मालक नसलेला पहिला मोठा समाज म्हणजे यूजनेट. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ साली ही कल्पना सुचली. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, आपल्याकडचे निरोप द्यायचे, त्याच्याकडचे घ्यायचे, मग दुसऱ्याने तिसऱ्याला. टपालाची थैली गावोगाव फिरावी तसे. त्याला मुख्य कचेरी नव्हती. आपल्या यंत्रावर कोणता गट ठेवायचा आणि कोणता नाही, हे ज्याचा त्याचा कारभारी ठरवी. सुरुवातीला मोठ्या यंत्रांचे मोजके कारभारीच बहुतेक निर्णय घेत. १९८६-८७ मध्ये गटांच्या नावांची नवी रचना झाली आणि सात मुख्य शाखा ठरल्या. पुढे नवा गट हवा असेल तर मतदान घ्यायचे, अशी पद्धत रुळली.

ती पद्धत आपण समजून घेण्यासारखी आहे. प्रथम प्रस्ताव लेखी मांडायचा आणि त्यावर निदान तीन आठवडे खुली चर्चा व्हायची. मग मतदानाची हाक. तीही तीन आठवड्यांहून कमी नाही. मत ई-मेलने पाठवायचे, माणशी एक. प्रस्ताव मंजूर होण्यासाठी दोन अटी होत्या. होकार नकारांपेक्षा निदान १०० ने जास्त हवेत आणि एकूण मतांच्या दोन-तृतीयांश तरी हवेत. पुढे मते मोजायला तटस्थ स्वयंसेवकांचे पथकही उभे राहिले. निकालाबरोबर कोणी काय मत दिले याची नावानिशी यादी छापत, आणि आक्षेप घ्यायला पाच दिवस ठेवीत. एका अर्थी हा महजरच झाला!

मुख्य शाखांत नवा गट काढायचा तर याच दारातून जावे लागे. आपल्या भाषेचा 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी' हा गट अशाच एका शाखेत होता. नव्वदच्या दशकात परदेशी शिकायला गेलेली कितीतरी मराठी मुले रोमन अक्षरांत मराठी लिहून तिथे गप्पा मारीत, वाद घालीत. आपल्या सभासदांपैकी काहींना ते दिवस आठवत असतील.

पण या पद्धतीत दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे मतदारयादीच नव्हती. ज्याच्याकडे ई-मेल तो मतदार. १९९६ साली वंशद्वेषी संगीताचा एक गट काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ५९२ होकार आणि ३३,०३३ नकार पडले. प्रस्ताव पडला हे उत्तमच झाले. पण गटात कितीजण रस घेतील हे अजमावण्यासाठी काढलेल्या मतदानाला जगभरातून मते आली, आणि 'मत देणारे आपण कोण?' हा प्रश्न उघडाच राहिला. दुसरी उणीव अशी की न पटलेल्याला थांबवणारे काही नव्हते. मोठ्या कारभाऱ्यांचे निर्णय न रुचलेल्या काही जणांनी १९८७ मध्येच 'आल्ट' नावाची वेगळी शाखा काढली होती. तिथे मतदानाची अटच नव्हती, आणि ती शाखा अफाट वाढली. मुख्य शाखांतले मतदान २००५-०६ च्या सुमारास बंद होऊन निर्णय एका मंडळाकडे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलनेही यूजनेटशी असलेला आपला दुवा तोडला. यूजनेट अजून आहे, पण मोठा वाडा ओस पडून दोन-चार खोल्यांत दिवा लागावा तसे.

म्हणजे लेखी नियम, पुरेसा अवधी आणि उघडी मोजणी या तीन गोष्टी यूजनेटने साधल्या. मतदार कोण, आणि अल्पमतातल्याला थांबावेसे का वाटावे, हे दोन प्रश्न मात्र सुटले नाहीत. त्यांतल्या दुसऱ्याचे उत्तर आपण राहतो त्याच देशात, स्लायगो गावात शंभर वर्षांपूर्वी शोधले गेले.

पहिले महायुद्ध संपताना स्लायगोची नगरपालिका कर्जात बुडाली होती. कर भरणाऱ्या व्यापाऱ्यांचे, त्यातही अल्पसंख्य प्रॉटेस्टंटांचे म्हणणे असे, की पैसे आम्ही भरतो पण सभागृहात आमचा माणूस निवडून येत नाही. १९१८ मध्ये लंडनच्या संसदेने स्लायगोपुरता खास कायदा केला आणि १५ जानेवारी १९१९ रोजी तिथे पसंतीक्रमाने मतदान झाले. एकाही गटाला निर्भेळ बहुमत मिळाले नाही, पण व्यापाऱ्यांना, शिन फेनला, मजुरांना अशी सगळ्यांनाच जागा मिळाली. लगेच त्याच वर्षी ही पद्धत देशभरच्या स्थानिक निवडणुकांना लागू झाली, १९२२ मध्ये स्वतंत्र राज्याने ती उचलली आणि १९३७ च्या राज्यघटनेत तिचा नावानिशी उल्लेख आला.

पद्धत आपल्याला अगदी परकी नाही. महाराष्ट्रात पदवीधर मतदारसंघाच्या निकालात 'पहिल्या पसंतीची मते' आणि 'कोटा' हे शब्द आपण ऐकलेले असतात. हिशोब आपल्या मंडळावरच करून पाहू. समजा कार्यकारिणीच्या पाच जागा आहेत आणि साठ मते पडली. चाळीस डब्लिनची, वीस बाहेरगावची, आणि प्रत्येकाने आपल्याच बाजूच्या उमेदवारांना क्रम दिले. नेहमीच्या पद्धतीने प्रत्येकाने पाच नावांवर खुणा केल्या तर पाचही जागा डब्लिनला जातील. पसंतीक्रमात साठला जागा अधिक एक, म्हणजे सहाने भागायचे आणि त्यात एक मिळवायचा. कोटा झाला अकरा. कोट्याहून जास्त पडलेली मते पुढच्या पसंतीला वळतात, आणि शेवटी राहिलेला उमेदवार बाद झाला की त्याचीही मते वळतात. डब्लिनच्या चाळिसात तीन कोटे बसतात आणि सात मते उरतात. बाहेरच्या विसात एक कोटा बसतो आणि नऊ उरतात. पाचवी जागा नऊवाल्यांची. म्हणजे तीन आणि दोन. बहुमत डब्लिनचेच राहिले, पण कॉर्क-गॉलवेवाल्यांना ग्रुप सोडण्याचे कारण उरले नाही.

राज्यकर्त्यांना ही पद्धत नेहमीच सोयीची वाटली असे नाही. १९५९ साली ती काढून टाकण्यासाठी सार्वमत घेतले गेले. १७ जून रोजी, एकाच दिवशी, लोकांनी डी व्हॅलेरांना राष्ट्रपती म्हणून निवडले आणि त्यांच्याच पक्षाचा हा प्रस्ताव सुमारे ३३ हजार मतांनी फेटाळला. १९६८ मध्ये पुन्हा विचारले, तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त लोक नाही म्हणाले. माणूस आवडला तरी मोजणीचे माप त्याच्या हाती द्यायचे नाही, ही जाण आपण शिकण्यासारखी आहे.

मापाइतकेच ते डोळ्यांना दिसणेही महत्त्वाचे. इथली मोजणी कित्येकदा दोन-दोन दिवस चालते. कठड्याला टेकून पक्षांचे कार्यकर्ते एकेक मतपत्रिका उलगडताना पाहतात आणि वहीत रेघा मारतात. २००२ च्या निवडणुकीत तीन मतदारसंघांत यंत्रे आणली गेली. डब्लिन नॉर्थमध्ये माजी मंत्री नोरा ओवेन यांचा पराभव एका क्षणात, मनाची काहीच तयारी नसताना, सगळ्यांसमोर जाहीर झाला. ते दृश्य लोक विसरले नाहीत. पुढे सुमारे ७,५०० यंत्रे घेण्यात आली आणि त्यांवर पाच कोटी युरोंहून जास्त खर्च झाला. पण कागदावर पुरावा राहत नाही, खात्री देता येत नाही, म्हणून २००४ मध्ये ती थांबवली आणि २०१२ मध्ये सगळी मिळून ७०,२६७ युरोंना भंगारात विकली. हसण्यावारी नेऊ नये. लोकांना घाईपेक्षा खात्री मोलाची वाटली.

आणखी एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे. सिंधुदुर्गातले वराड हे ज्यांच्या वडिलांचे गाव, ते लिओ वराडकर २०१७ साली पंतप्रधान झाले तेव्हा आपण पेढे वाटले. पण त्याआधीच्या फिन गेल पक्षाच्या मतदानाचा हिशोब किती जणांनी पाहिला? साध्या सभासदांत सायमन कोव्हनी यांना ७,०५१ मते होती आणि वराडकरांना ३,७७२. परंतु नियमाप्रमाणे संसदीय पक्षाच्या मतांना ६५ टक्के, सभासदांना २५ आणि नगरसेवकांना १० टक्के वजन होते. खासदारांत वराडकर ५१ विरुद्ध २२ असे पुढे होते, आणि एकूण सुमारे साठ टक्क्यांनी ते जिंकले. ते माप योग्य होते का, यावर वाद घालता येईल. पण ते आधीपासून लिहिलेले होते. कोव्हनींनी निकाल मानला, ते पक्षात राहिले आणि नव्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले. तेच माप मतदानानंतर काढले असते, तर पक्ष फुटायला वेळ लागला नसता.

या सगळ्यावरून वार्षिक सभेपुढे आम्ही काही सूचना ठेवीत आहोत. सभासदांची यादी मतदानाआधी महिनाभर पक्की करावी. प्रश्न लेखी द्यावा आणि मतासाठी तीन आठवडे मिळावेत, म्हणजे रात्रपाळीचा माणूसही सुटणार नाही. कार्यकारिणीसाठी पसंतीक्रम असावा. मोजणी उमेदवार नसलेल्या दोघांनी सर्वांसमक्ष करावी आणि आकडे या पत्रिकेत छापावेत. ग्रुपवरचे अंगठे कौल अजमावायला ठेवावेत, निर्णयाला नकोत.

आणि एक मुद्दा, जो बोलायला आम्हालाही थोडा संकोच वाटतो. आपल्या घटनेत आज 'कुटुंबास एक मत' असे आहे. ते मत घरात कोण देतो, हे आपण आपापल्या मनाशी विचारावे. फराळाचे डबे कोण भरते आणि हॉल कोण ठरवते, हेही. ज्या देशात आपण राहतो त्याने १९२२ च्या घटनेतच एकवीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांना सारखे मत दिले. आपण शंभर वर्षे मागे का असावे? प्रत्येक सज्ञान सभासदास एक मत, ही दुरुस्ती आम्ही मांडणार आहोत. तिच्यावर आम्ही हरलो, तरी ग्रुप सोडणार नाही, हे आताच लिहून ठेवतो.

जाता जाता एक आठवण. इथल्या स्थानिक निवडणुकीत मत देण्यासाठी आयरिश नागरिकत्व लागत नाही. इथे वास्तव्य आणि अठरा वर्षे पूर्ण, एवढे पुरते. मागची निवडणूक ७ जून २०२४ रोजी झाली, आणि ती दर पाच वर्षांनी येते. मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडेच घालायचे असतात. आपले नाव यादीत आहे का, एवढे तरी प्रत्येकाने या महिन्यात पाहून घ्यावे. गॉलवेच्या त्या कुटुंबाला आम्ही हा अंक टपालाने पाठवीत आहोत. सभेला त्यांची वाट पाहू.