रायफलीचा जीव कशात?

१७८५ साली पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लांक नावाच्या कारागिराने चकमकीच्या बंदुकांच्या पन्नास कळा पूर्ण खोलून त्यांचे भाग खणाखणांत मांडून ठेवले. अमेरिकेचे फ्रान्समधले वकील टॉमस जेफरसन ते पाहायला गेले. त्यांनी हाताला येईल तो तुकडा उचलत काही कळा स्वतःच जुळवल्या आणि प्रत्येक तुकडा चपखल बसला. ३० ऑगस्टला त्यांनी हा प्रकार जॉन जे यांना पत्राने कळवला. त्यामागे तसंच कारण होतं. तोवर कारागीर एकेक भाग कानशीने घासून त्याच बंदुकीपुरता बसवायचा. एका बंदुकीचा तुकडा दुसरीला बसत नसे, त्यामुळे रणांगणावर एक कळ तुटली की अख्खी बंदूक बाद व्हायची.

जेफरसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. फौजांनी मोडीत काढलेल्या रायफलींचे सुटे भाग विकत घ्यायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये त्यांची पुन्हा रायफल उभी करायची, हा छंद विसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. त्याची वंशावळ मांडायची झाली, तर मूळ पुरुष म्हणून त्यांचंच नाव घालावं लागेल.

ब्लांकची कल्पना फ्रान्सपेक्षा अमेरिकेत फळली. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल यांनी बनवलेल्या रायफली १८२६-२७ मध्ये एका समितीने तपासल्या. रायफली खोलल्या, भाग एकमेकांत मिसळले, पुन्हा जुळवल्या, तरी काही अडलं नाही. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात टॉमस ब्लँचर्ड यांच्या लेथवर लाकडी दस्तेही एकाच मापाचे निघू लागले. पुढे शिवणयंत्रं, सायकली आणि मोटारी याच वाटेने गेल्या. पण या व्यवस्थेचा एक परिणाम कोणाच्या मनातही नसावा. कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसू लागल्यावर मोडलेल्या बंदुकीला भंगार म्हणायचं की अर्धवट बंदूक, हे ठरवणंच अवघड झालं.

भंगारात पैसा आहे, हे ओळखणारा पहिला मोठा व्यापारी न्यूयॉर्कचा फ्रान्सिस बॅनरमन. यादवी युद्धानंतर सरकारने लिलावात काढलेला माल घेऊन त्याने धंदा उभारला. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात हाती लागलेल्या मालापैकी बराचसा त्यानेच उचलला. एवढा दारूगोळा भर शहरात ठेवता येईना, म्हणून त्याने हडसन नदीतलं पोलेपेल बेट विकत घेतलं आणि तिथे स्कॉटिश किल्ल्याच्या थाटाचं कोठार बांधलं. त्याचे पडके बुरुज आजही उभे आहेत. ब्रॉडवेवरच्या दुकानाच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये तोफेपासून बंदुकीच्या स्क्रूपर्यंत सगळ्याला भाव लावलेला असे.

सरकारचाही या हौसेला हातभार होता. नागरिकाला नेम धरता यावा म्हणून १९०३ मध्ये एक राष्ट्रीय मंडळ नेमलं गेलं, आणि त्या योजनेतून फौजेच्या जुन्या रायफली स्वस्तात मिळू लागल्या. १९६३ मध्ये एम-१ कार्बाईन वीस डॉलरला मिळत होती. त्याच सुमारास व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात सॅम्युअल कमिंग्ज यांच्या ‘इंटरआर्म्स’ची गोदामं युरोपातल्या फौजांनी टाकून दिलेल्या रायफलींनी भरली होती. माउझर, एन्फील्ड, कार्कानो असं काहीही टपालाने घरी यायचं. लोक दस्ता छाटून, नळी बदलून त्यांच्या शिकारी बंदुका करत. या स्वस्त परदेशी मालाने न्यू इंग्लंडमधले बंदूक कारखानदार हैराण झाले. त्यांचं गाऱ्हाणं ऐकून मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने १९५८ मध्ये लष्करी बंदुकांची आयात थांबवणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. सिनेटरचं नाव होतं जॉन केनेडी.

मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून टपालाने इटालियन कार्कानो रायफल रवाना झाली. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट. मागवणाऱ्याने नाव ‘ए. हिडेल’ असं लिहिलं होतं. खरं नाव ली हार्वी ओस्वाल्ड. नोव्हेंबरमध्ये डॅलसमध्ये याच रायफलीने केनेडींचा जीव घेतला.

त्यानंतरही कायदा व्हायला पाच वर्षं लागली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यावर, २२ ऑक्टोबर १९६८ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गन कंट्रोल अॅक्टवर सही केली. टपालाने बंदूक मागवणं सामान्य माणसाला बंद झालं आणि परदेशी लष्करी रायफलींची आयातही थांबली. याच कायद्यात एक व्याख्या बदलली, आणि आजच्या छंदाचा खरा जन्म तिथला आहे. १९३८ च्या जुन्या कायद्यात बंदुकीचा कुठलाही भाग म्हणजे बंदूकच होती. एवढ्या बारीकसारीक तुकड्यांची नोंद ठेवणं अशक्य, म्हणून नव्या कायद्याने फक्त रिसीव्हरला बंदूक मानलं. रिसीव्हर म्हणजे चाप, घोडा आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला सांगाडा. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, तसा रायफलीचा जीव कायद्याने रिसीव्हरमध्ये ठेवला. नळी, दस्ता, बोल्ट, चाप ही सगळी नुसती लोखंड-लाकडं ठरली.

आपल्याकडे हा छंद संभवतच नाही, याचंही कारण व्याख्येत आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा ‘शस्त्र’ या शब्दातच येते. भारतात राक्षसाचा जीव अंगभर पसरलेला आहे.

१९६८ मध्येच स्प्रिंगफील्डचा ऐतिहासिक कारखाना बंद झाला. पुढे एका खाजगी कंपनीने तेच नाव घेतलं आणि नव्या रिसीव्हरवर फौजेच्या एम-१४ चे जुने भाग चढवून ‘एम-१ ए’ विकायला काढली. कॅलिफोर्नियातल्या ‘नॅशनल ऑर्डनन्स’सारख्या कंपन्या कार्बाईन आणि स्प्रिंगफील्ड १९०३ यांच्या बाबतीत तेच करत होत्या. कंपन्यांना जे जमलं ते गॅरेजमध्ये का जमू नये, असं हौशी लोकांना वाटणं साहजिक होतं. ज्याला बंदूक बाळगण्याचा हक्क आहे, त्याने विक्रीसाठी नव्हे तर स्वतःपुरती बंदूक बनवायला संघराज्याच्या कायद्याने परवाना मागितलेला नाही.

१९८६ मध्ये नव्या मशीनगन नागरिकांना पूर्ण बंद झाल्या. तीनच वर्षांत शीतयुद्धाची भिंत पडली. रुमानिया, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया यांच्या कोठारांत कलाश्निकोव्हचे ढीग होते, पण ही स्वयंचलित शस्त्रं अख्खी आणता येत नव्हती. मग रिसीव्हर कापून नष्ट करायचा आणि उरलेलं अंग सुटे भाग म्हणून आयात करायचं, अशी वाट निघाली. यालाच बाजारात ‘पार्ट्स किट’ म्हणू लागले. बेल्जियन एफएएल, स्पॅनिश सेटमे, जर्मन जी-३ यांचीही किटं आली. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत रुमानियन किट शंभर डॉलरच्या आसपास मिळे.

ते उघडलं की आधी वास येतो. कॉस्मोलीन नावाच्या तपकिरी, मधासारख्या घट्ट ग्रीसचा. ते ग्रीस सगळ्यावर थापलेलं असतं, लाकडाच्या रेषारेषांत मुरलेलं असतं. गरम पाणी, रॉकेलसारखं काहीतरी आणि जुना टूथब्रश घेऊन एक अख्खी दुपार त्यातच जाते. मग खाली अक्षरं दिसू लागतात. त्रिकोणात बाण ही कुजीरच्या कारखान्याची खूण, शेजारी साल आणि क्रमांक. तोच क्रमांक बोल्टवर आणि इतर भागांवर पुन्हा भेटतो, म्हणजे हे तुकडे मूळचे एकाच रायफलीचे. काहींवर ‘जी’ अक्षर कोरलेलं असतं. ती रायफल रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या ‘देशभक्त रक्षक’ दलाची, म्हणजे कारखान्यातल्या आणि शेतावरच्या माणसांच्या फौजेची. सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसल्यावर हे दल उभं राहिलं, तेही १९६८ मध्येच. दस्त्यावर कुणीतरी चाकूने आद्याक्षरं कोरलेली असतात. आणि जिथे रिसीव्हर होता तिथे पुढच्या-मागच्या ठोकळ्यांना रिव्हेटने चिकटून राहिलेल्या, ज्योतीने कापलेल्या पत्र्याच्या काळ्या चिंध्या असतात.

बरेच जण या छंदात पडतात ते स्वस्ताईसाठी. टिकतात ते मात्र या क्रमांकांसाठी आणि हातकामासाठी. ज्याच्या गॅरेजमध्ये यंत्रं असतील त्याच्याकडे सुट्टीच्या दिवशी दहाबारा जण आपापलं किट घेऊन जमायचे. त्याला ‘बिल्ड पार्टी’ म्हणत.

सरकार बघत बसलं नव्हतं. १९८९ मध्ये स्टॉकटनच्या शाळेत गोळीबार झाल्यावर परदेशी अर्धस्वयंचलित रायफलींची आयात अडवली गेली. लोक त्याच रायफली इथे जुळवतील हे ओळखून १९९० मध्ये आणखी एक कलम आलं. त्याच्या नियमात वीस भागांची यादी आहे, आणि त्यातले दहापेक्षा जास्त भाग परदेशी चालत नाहीत. परिणाम गमतीचा झाला. अमेरिकेत कलाश्निकोव्हचे चाप, घोडे आणि दस्ते बनवणारा एक नवा उद्योगच उभा राहिला, आणि हौशी माणूस अंग रुमानियाचं नि चाप अमेरिकेचा अशी मोजदाद करू लागला. २००५ मध्ये अशा किटांच्या नळ्यांची आयात थांबली, तेव्हा देशी नळ्यांचा बाजार फुलला. छंद मरायच्या ऐवजी प्रत्येक वेळी नियमाच्या साच्यात ओतला जाऊन नवा आकार घेत गेला. ग्रीसमधलं शंभर डॉलरचं किट मात्र इतिहासजमा झालं.

खरी अडचण पुढे दुसऱ्याच बाजूने आली. जुन्या लष्करी किटाशी काहीही संबंध नसलेली, जवळजवळ पूर्ण झालेल्या नव्या सांगाड्यांची किटं बाजारात आली. त्यांवर क्रमांक नाही, घेणाऱ्याची चौकशी नाही. गुन्ह्यांच्या तपासात पोलिसांना अशी बेनामी पिस्तुलं सापडू लागली. २०२२ मध्ये सरकारने नियम काढला, की जे किट सहज बंदूक बनू शकतं त्याला बंदूकच मानलं जाईल. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो उचलून धरला. निकाल लिहिला न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी, जे बंदूकविरोधी म्हणून मुळीच ओळखले जात नाहीत.

रिसीव्हर कापलेल्या जुन्या किटाला या नियमाने धक्का लागलेला नाही. ते जुळवायचं तर बहुतेक जण आजही दुकानातून क्रमांक असलेला रिसीव्हर चौकशी आणि नोंद करूनच घेतात. पण कायद्याचा प्रश्न आता बदलला आहे. पन्नासहून अधिक वर्षं तो विचारत होता, जीव कोणत्या भागात आहे? आता त्यासोबत तो हेही विचारतो, की समोरचा ढीग बंदूक होण्यापासून किती दूर आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बोट ठेवून दाखवता येत होतं. दुसऱ्याचं उत्तर माणसाचं कसब आणि यंत्रं यांवर ठरतं, आणि दर वर्षी यंत्रं स्वस्त होत चालली आहेत.