वाचून दाखवणं आणि वाचणं: दृष्टिबाधित वाचक आणि आपली ग्रंथालयं

विषय ग्रंथालयांचा आहे, पण मी सुरुवात नेवाशापासून करणार आहे. आपल्याच जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं गाव. तिथं एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पैस खांबाचं दर्शन तर इथल्या बहुतेकांनी घेतलेलं असेल.

आता मी एक साधा प्रश्न विचारतो. गीता कोणाला सांगितली? तुम्ही म्हणाल, अर्जुनाला. बरोबर आहे. पण ती आपल्यापर्यंत कशी आली? संजयानं धृतराष्ट्राला सांगितली म्हणून आली. गीतेचा पहिला श्लोक श्रीकृष्णाचा नाही, अर्जुनाचाही नाही. तो एका अंध माणसानं विचारलेला प्रश्न आहे. रणांगणावर काय झालं, हे त्याला जाणून घ्यायचं आहे आणि त्यासाठी तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. महाभारतात असंही आहे की व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली होती, ती त्यानं नाकारली आणि मग संजयाची नेमणूक झाली.

म्हणजे आपल्या परंपरेतला हा फार मोठा ग्रंथ एका अंध श्रोत्याला वाचून दाखवल्यासारखा आहे. संजयाचा एक गुण इथं लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे. संजय काही गाळत नाही. भीष्म पडले हे तो सांगतो. एकेक करून मुलं मारली गेली, हेही सांगतो. राजाला वाईट वाटेल म्हणून एखादा दिवस वगळून पुढं जात नाही.

छापील पुस्तक आलं आणि दरी पडली

जुन्या काळी आपल्याकडे बहुसंख्य लोक ग्रंथ वाचत नव्हते, ऐकत होते. देवळात पुराण चालायचं, चातुर्मासात पोथी लागायची, रात्री कीर्तन व्हायचं. या व्यवस्थेत अंध माणूस इतरांपेक्षा फारसा मागे नव्हता. शेजारी बसलेल्या डोळस शेतकऱ्यालाही अक्षर येत नव्हतं. दोघांचे कान सारखेच होते. तेव्हा जातीच्या भिंती होत्या, बायकांवर बंधनं होती, ते सगळं मी विसरलेलो नाही. पण डोळे नाहीत एवढ्याच कारणानं कोणी ग्रंथाबाहेर राहत नव्हतं.

मग मुद्रण आलं. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं आहे. महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. या दोन गोष्टींचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण त्याची दुसरी बाजूही बघा. वाचन आता चारचौघांत बसून ऐकण्याची गोष्ट राहिली नाही. ते एकट्यानं, मुकाट्यानं, डोळ्यांनी करायचं काम झालं. शाळा, परीक्षा, नोकरी, सगळं कागदावर आलं. शेजारचा शेतकरी हळूहळू साक्षर झाला. अंध माणूस होता तिथंच राहिला. म्हणजे अंधत्व जुनंच होतं, पण 'वाचता न येणारा अंध' ही स्थिती आधुनिक आहे. छापील पुस्तकानं ती निर्माण केली. म्हणून ती दूर करण्याची जबाबदारीही पुस्तकं सांभाळणाऱ्यांवर येते, असं मी मानतो.

गुलाबराव महाराज

या संक्रमणकाळातला एक विलक्षण माणूस म्हणजे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. जन्म १८८१ चा, अमरावती जिल्ह्यातला, गाव माधान. वयाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास दृष्टी गेली. १९१५ मध्ये पुण्यात देह ठेवला, तेव्हा वय होतं अवघं चौतीस. तेवढ्या आयुष्यात शंभरहून अधिक लहानमोठे ग्रंथ त्यांनी सिद्ध केले. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत. वेदान्त आणि भक्ती यांचा मेळ घालणारा त्यांचा विचार 'मधुराद्वैत' म्हणून ओळखला जातो. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला.

हे कसं साधलं? लोकांकडून वाचून घेऊन आणि लोकांकडून लिहवून घेऊन. ग्रंथ मिळवायचे, वाचणारा गाठायचा, ऐकायचं आणि लक्षात ठेवायचं. आपण याला चमत्कार म्हणतो आणि हात जोडतो. मला मात्र त्यातला खर्च दिसतो. एका वाचकासाठी किती माणसं लागली! महाराजांभोवती शिष्य होते, म्हणून ती मिळाली. खेड्यातल्या सामान्य अंध मुलाला ती कुठून मिळणार? असामान्य माणसाच्या उदाहरणावरून सामान्य माणसाची सोय ठरवू नये.

सहा ठिपके

युरोपात याचं उत्तर आधीच सापडलेलं होतं. पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हॉयनं अठराव्या शतकाच्या अखेरीस अंध मुलांची शाळा काढली आणि उठावाच्या अक्षरांची पुस्तकं बनवली. कल्पना चांगली होती, पण ती डोळसाची होती. आपली अक्षरं फुगवली की अंधांना कळतील, असा तो विचार. बोटाला ती अक्षरं फार सावकाश कळत, आणि मुलांना स्वतःला काही लिहिता येत नसे. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्यानं १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. शाळेनं तिला रीतसर मान्यता दिली १८५४ मध्ये, म्हणजे ब्रेल वारल्यावर दोन वर्षांनी. का? शिक्षकांना ती डोळ्यांनी वाचता येत नव्हती म्हणून! सोय कोणाची बघायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईची शाळा १९०० सालची. छप्पन्याच्या दुष्काळानं आपला नगर जिल्हाही होरपळत होता, तेव्हाची ही गोष्ट. ती काढली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी. नगरमध्ये 'ज्ञानोदय' काढणारं मिशन तेच. पाठोपाठ १९०२ मध्ये मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. तिथल्या डॉ. नीलकंठराय छत्रपतींनी, जे स्वतः अंध होते, भारतीय भाषांसाठी ब्रेल बसवली. कोलकात्याला लालबिहारी शहांनी आपली वेगळी बसवली. मिशनऱ्यांची आणखी वेगळी. परिणाम काय? एका शाळेतल्या मुलाला दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचता येईना. अशानं ग्रंथालय कसं उभं राहणार? एकाच लिपीवर एकमत व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली.

ती कशी आहे, दोन वाक्यांत सांगतो. इंग्रजी 'के'ला जे ठिपके, तेच मराठी 'क'ला. उच्चार हा आधार. आणि एक गंमत बघा. छापील मराठीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते. ब्रेलमध्ये आधी क, मग इ. जसं बोलतो तसं. ज्ञानेश्वरीसारखा बोललेला ग्रंथ ज्या भाषेत आहे, तिला ही लिपी शोभून दिसते.

अडचण आकाराची आहे. जाड कागद, मोठी अक्षरं. आपल्या हातात मावणारी कादंबरी ब्रेलमध्ये अनेक खंडांची होते. म्हणून ब्रेल ग्रंथालयं मोठ्या शहरांतच राहिली. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे 'नॅब', स्थापन झाली आणि पुढं बोलत्या पुस्तकांचं काम सुरू झालं. टपाल खात्यानं अंधांच्या साहित्याला टपालखर्च माफ केला. ही सवलत आपल्या गावच्या पोस्टातही आहे. किती जणांना माहीत आहे?

मी गाळलेलं प्रकरण

आता माझ्या अपराधाची गोष्ट सांगतो.

ऐंशीच्या दशकात मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो. पाथर्डीकडच्या खेड्यातला एक अंध मुलगा माझ्या वर्गात आला. दहावीपर्यंत अंधशाळेत शिकलेला, ब्रेल उत्तम. पण आमच्या ग्रंथालयात ब्रेलचं एकही पान नव्हतं. मी ठरवलं, आपण वाचू. संध्याकाळी घरी टेपरेकॉर्डर लावून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचं पुस्तक कॅसेटवर भरायला लागलो. बायको म्हणायची, पुण्यकर्म चाललंय. मलाही तसंच वाटत होतं.

लॉकच्या प्रकरणात एक प्रश्न येतो. आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यूनं तो लॉकला विचारला होता आणि लॉकनं १६९४ च्या आवृत्तीत छापला. जन्मांध माणसाला स्पर्शानं घन आणि गोल ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून तो सांगू शकेल का, घन कोणता आणि गोल कोणता? दोघांचंही उत्तर होतं, नाही. मी ती पानं वाचली नाहीत. दृष्टी येण्याचा प्रश्न या पोराच्या कानावर कशाला घाला, त्याला लागेल, असं वाटलं. टेप थांबवला, पानं उलटली, पुढं गेलो.

महिन्याभरानं तो माझ्याकडे आला. वसतिगृहात मुलं याच प्रश्नावर वाद घालत होती आणि त्याला विचारत होती, तुझं काय मत? त्याला प्रश्नच माहीत नव्हता. मला म्हणाला, "सर, त्या पुस्तकात माझ्यासारख्याबद्दल काय लिहिलंय, हे मला सोडून साऱ्या वर्गाला माहीत आहे."

मी खजील झालो. त्याच रात्री ती पानं वाचून कॅसेट दिली. ऐकून आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "सर, हा प्रश्न लॉकसाहेबांनी कुणा आंधळ्याला विचारला होता का?" मी तत्त्वज्ञानात पीएच.डी. केलेली, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. लॉकच्या त्या पानांवर कुणा अंध माणसाची साक्ष नाही. अंध माणसाशी बोलून लिहिण्याचं काम पुढं दिदरोनं १७४९ मध्ये केलं.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. वाचून दाखवणं ही मदत आहे, पण वाचून दाखवणाऱ्याच्या हातात कात्री असते. ती तो प्रेमानंही चालवतो. स्वतः वाचणाऱ्याला मात्र पान उलटायचं की त्यावर थांबायचं, हे स्वतः ठरवता येतं. ग्रंथालयाचं काम या दुसऱ्या गोष्टीची सोय करणं आहे.

कायदा झाला, पुढं काय?

गेल्या काही वर्षांत परिस्थिती खूप बदलली. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दृष्टिबाधितांसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात करायला प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही. २०१३ मध्ये मराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. पुस्तक मोबाइलवर उतरवून ऐकता येतं किंवा ब्रेलमध्ये छापता येतं. मराठीत स्वागत थोरात यांनी २००८ पासून 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक चालवलं. आपल्या नगरमध्ये 'अनामप्रेम'सारखी संस्था दिव्यांग विद्यार्थ्यांबरोबर काम करते आहे.

मग राहिलं काय? राहिली ती आपली गावची वाचनालयं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात खेडोपाडी अनुदानित वाचनालयं झाली. हे जाळं फार मोठं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांवर आहे. त्यांतले किती जण या वाचनालयांचे सभासद असतील? आपापल्या गावच्या वाचनालयाचं रजिस्टर उघडून बघा.

इमारत बांधायला कोणी सांगत नाही. एक संगणक आणि त्यावर मजकूर वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए', जे फुकट मिळतं. सुगम्य पुस्तकालयाची नोंदणी करून देणारा एक ग्रंथपाल. टपालानं ब्रेल पुस्तकं मागवण्याची तयारी. आणि गावात जे छापलं जातं, म्हणजे स्मरणिका, दिवाळी अंक, स्थानिक इतिहास, त्याची युनिकोडमधली फाइल जपून ठेवणं. जुन्या फॉन्टमधली मराठी संगणकाला वाचता येत नाही, तो भलतीच अक्षरं बडबडतो. हे शेवटचं काम तर बिनखर्चाचं आहे.

कोणी म्हणेल, आता मोबाइल बोलतो, ब्रेल कशाला? मी विचारतो, डोळस मुलांना आपण फक्त ऐकवून शिकवतो का? नुसत्या ऐकण्यानं 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कळत नाही. तो बोटाखाली यावा लागतो. दोन्ही हवं.

शेवटी पुन्हा नेवाशाला येतो. संजयानं काही गाळलं नाही, म्हणून गीता आपल्यापर्यंत आली. आपल्यातल्या कोणाला वाचून दाखवायची संधी मिळाली, तर संजयासारखं वाचा. मी केलं तसं करू नका. पण त्याहून चांगलं म्हणजे, धृतराष्ट्राला संजयाची वाटच बघावी लागू नये. त्यानं वाचनालयात यावं, आपल्याला हवं ते पुस्तक मागावं, आणि ग्रंथपालानं इतरांना विचारतो तेवढंच विचारावं: "घरी नेणार, की इथंच वाचणार?"

थांबतो.