किल्ली उरली, घड्याळ गेले
(कुंभकोणमच्या मराठी घरांतील जुन्या घड्याळांविषयी)

मराठीत आपण ज्याला ‘तास’ म्हणतो, ते मुळात टोले देण्याच्या धातूच्या थाळीचे नाव आहे. पाण्याच्या भांड्यात सोडलेली सच्छिद्र वाटी भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. मग पहारेकऱ्याने थाळीवर टोला द्यावयाचा. पुढे थाळीचे नाव वेळेलाच चिकटले. तमिळ भाषेतही हेच घडले. तेथे ‘मणि’ म्हणजे घंटा, आणि वाजलेला तासही ‘मणि’च. घटिका म्हणजे लहानसा घट. आपले ‘घड्याळ’ आणि तमिळांचे ‘कडिकारम्’ ही दोन्ही नावे त्या घटाच्याच कुळातली आहेत.

ज्या गावाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्या कुंभकोणमच्या नावातही घट आहे. प्रलयाच्या पाण्यावरून वाहत आलेला अमृतकुंभ येथे टेकला आणि किरातरूपी शिवाच्या बाणाने फुटला, अशी आदिकुंभेश्वराची कथा आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. त्याच योगावर माघ महिन्यात कुंभकोणमला महामहमचे स्नान होते. मागील महामहम २०१६ साली झाले. गोदावरीकाठच्या आणि कावेरीकाठच्या माणसांनी कालगणनेचे काटे एकाच ग्रहावर लावलेले असावेत, ही गोष्ट आम्हां दक्षिणी मराठी मंडळींना नेहमीच दिलासा देत आली आहे.

व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली, आणि त्या राज्याबरोबर कारकून, शास्त्री, कीर्तनकार, शिलेदार अशी कितीतरी घराणी कावेरीच्या खोऱ्यात आली. तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणमला त्यांतली बरीच स्थिरावली. गावात आजही दबीर पंतांच्या नावाचा रस्ता आहे. चक्रपाणीच्या देवळात सरफोजी महाराजांची धातूची प्रतिमा आहे. या देवाच्या उपासनेने महाराजांचा आजार हटला, अशी तेथील श्रद्धा आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी सांभाळणारे सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच गावी. तमिळ शेजारी आम्हांला ‘रायर’ म्हणत आले. घरात मात्र मराठीच राहिली. तिच्यात तमिळ शब्द शिरले, क्रियापदांचा सूर बदलला, पण ती बंद पडली नाही.

जुन्या वस्तू जपण्याच्या हौसेचा विचार करावयाचा तर आम्हांला प्रथम आठवतात ते सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२). १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि महाराजांच्या हाती तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा मुलूखच राहिला. सत्ता गेलेल्या या राजाने आपले आयुष्य संग्रहाला वाहिले. ग्रंथ, हस्तलिखिते, चित्रे, नकाशे, शास्त्रीय उपकरणे त्यांनी देशोदेशींहून मिळविली. युरोपीय भाषांतील सुमारे साडेचार हजार पुस्तके त्यांनी जमविली, आणि त्यांतील पुष्कळ पुस्तकांवर स्वतःच्या हाताने सही केली. ती सही म्हणजे केवळ मालकीची खूण नव्हे. वस्तू कोणाची, कोणत्या काळातली, कोणत्या हातांतून गेलेली, याची ती साक्ष आहे.

या साक्षीचे मोल पुढे कळून आले. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. दुसऱ्याच वर्षी राजवाड्यातील खाजगी चीजवस्तूंवरही जप्ती आली. राणी कामाक्षीबाई साहेबांनी दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि हे राज्याचे कृत्य असल्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे, असा निकाल १८५९ साली लागला. पुढे सरकारने मालमत्ता राजकुटुंबास परत केली. पण नंतरच्या दाव्यांत आणि वाटण्यांत दागदागिने व मौल्यवान वस्तू पांगत गेल्या. ग्रंथसंग्रह मात्र एकत्र राहिला. राजघराण्यातील मंडळींनी त्यावरील हक्क सोडला, आणि १९१८ साली सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. एका राजवाड्यातल्या दोन प्रकारच्या ठेवींची ही दोन नशिबे. जिची नोंद होती आणि जी एका संस्थेच्या स्वाधीन झाली, ती टिकली.

आता राजवाड्यातून आपण साध्या घरात येऊ. खिशातले घड्याळ आमच्या घराण्यांत आले ते बहुधा नोकरीच्या वाटेने. कचेरी, शाळा, न्यायालय आणि १८७० च्या दशकात गावाला येऊन मिळालेली आगगाडी, या सर्वांना घटिका पुरेना; मिनिट हवे झाले. दक्षिणेत चांगले घड्याळ म्हणजे मद्रासच्या पी. ऑर आणि सन्स या १८४९ पासूनच्या पेढीचे. मुंबईकडे वेस्ट एंड वॉच कंपनीच्या ‘सोवार’ घड्याळाचे नाव घरोघर झाले. त्या शब्दामागचा आपला ‘स्वार’ मराठी माणसाला लगेच ओळखू येतो. त्या काळी तबकडीवर पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचे नाव असे आणि आतले यंत्र विलायती किंवा स्वित्झर्लंडचे. म्हणून जाणकार संग्राहक तबकडी वाचून थांबत नाही. तो मागचे झाकण उघडून यंत्रावरचा क्रमांक, सोन्याचांदीच्या कसाचे छाप आणि दुरुस्ती करणाऱ्या घड्याळजींनी झाकणाच्या आत सुईने कोरलेल्या बारीक खुणा पाहतो. जुनी घड्याळे स्वतंत्र किल्लीने चालत. १८४० च्या दशकात आद्रिएँ फिलिप यांनी डोक्यावरची कळ फिरवून किल्ली देण्याची पद्धत पुढे आणली, आणि हळूहळू सुट्या किल्ल्या मागे पडल्या.

घड्याळ कोणत्या गावच्या वेळेवर चालते, हाही त्या काळी प्रश्नच होता. मुंबईची वेळ मद्रासच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास मागे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. माहेरच्या कार्यासाठी मुंबईस गेलेला कुंभकोणमचा मनुष्य काटे मागे घेई आणि परतताना पुढे करी. दूरदेशी राहणाऱ्या आपणां सर्वांना ही काटे फिरविण्याची सवय परिचयाची आहे.

आमच्याही घरी असे एक घड्याळ होते. पणजोबांचे, सोन्याच्या झाकणाचे, किल्लीचे. आम्ही लहान असताना सणावारी ते देव्हाऱ्याजवळ ठेवलेले पाहिले आहे. १९८० च्या महामहमच्या सुमारास घरात लग्न निघाले आणि ते सराफाकडे गेले. सराफाने झाकणे वितळविली, सोन्याचे पैसे दिले आणि आतले यंत्र आमच्या हातावर परत ठेवले. ते मुलांनी खेळायला घेतले आणि दोन महिन्यांत त्याची चक्रे घरभर झाली. विकल्याबद्दल आम्ही वडीलधाऱ्यांना दोष देत नाही. मुलीचे लग्न थाटात पार पडले, आणि सोने असते ते अशाच वेळेसाठी. खंत निराळी आहे. ते कोणाच्या हातचे होते, पणजोबांनी घेतले की त्यांना कोणी बक्षीस दिले, यंत्रावर क्रमांक कोणता होता, हे कोणीही कागदावर उतरवून ठेवले नाही. आज आमच्याकडे त्याची पितळी किल्ली आहे, आणि ती कशाची किल्ली हे सांगणारे कोणी राहिलेले नाही.

मोठ्या बाजारातही किंमत ठरते ती निव्वळ धातूवर नव्हे. हेन्री ग्रेव्हज या अमेरिकन धनिकासाठी पाटेक फिलिप पेढीने केलेले, २४ करामती असलेले सोन्याचे घड्याळ २०१४ साली जिनिव्हात सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना विकले गेले. ती किंमत कारागिरीची, असे म्हणता येईल. पण २०१७ साली न्यूयॉर्कला पॉल न्यूमन या नटाचे पोलादी मनगटी घड्याळ १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेले. त्यात सोने नव्हते, आणि तसली घड्याळे कारखान्यातून अनेक निघाली होती. हे एक त्यांना पत्नीने दिलेले होते आणि त्याची हकीकत अखंड होती. तिकडे हैदराबादला तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहातील संगीत घड्याळाचे टोले ऐकायला आजही संग्रहालयात गर्दी जमते. कारण त्या एकट्या गृहस्थाचा संग्रह त्यांच्या मागे पांगला नाही, लोकांचा झाला.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभासदांना आमची एक विनंती आहे. आपल्या कपाटांत, जुन्या पेट्यांत, आजोबांच्या कोटाच्या खिशात एखादे घड्याळ असेल तर ते प्रथम तराजूत घालू नका. वंगण सुकलेल्या यंत्राला उगाच किल्ली देऊ नका. जाणत्या घड्याळजीकडून ते आधी साफ करून घ्या. डागाळलेली तबकडी नव्याने रंगवून घेऊ नका, कारण संग्राहकाच्या दृष्टीने तिचा जुनेपणा हेच तिचे प्रमाणपत्र. झाकणावरचे छाप घासून चकचकीत करू नका. आणि एका साध्या कागदावर लिहून ठेवा : हे कोणाचे, कोठे घेतले, कोणी दिले, कोणत्या गावाहून कोणत्या गावी आले. तो कागद घड्याळाबरोबरच ठेवा. पुढे विकण्याची वेळ आली तरी त्या कागदाने मोल वाढेल. न आली तर नातवंडांना आपले गाव सापडेल.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या काही वडीलधाऱ्यांनी हे मंडळ चालू केले, तेव्हा त्यांनीही एक किल्लीच दिली होती. त्यांतल्या किती जणांची हकीकत आपण लिहून ठेवली आहे, हा प्रश्न या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवून आम्ही लेखणी खाली ठेवतो.