जखमी कामगाराचे मन आणि फोनवरचा उपचार
कामावर झालेल्या इजेची भरपाई देण्याचे बंधन भारतात मालकांवर आले ते १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. त्याच्या परिशिष्टात शरीराचा हिशेब बारकाईने मांडला होता: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरत. प्रेस मशिनपाशी पुन्हा उभे राहताना थरथरणारा हात, रात्री दचकून येणारी जाग, यांच्यासाठी मात्र त्या तक्त्यात एकही ओळ नव्हती. ही मोठीच उणीव होती.

१९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यामुळे कामगारांसाठी दवाखाने उभे राहिले, पण मानसोपचारतज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतच राहिले. खाडा झाला की रोज बुडतो, मग तिथवर जाणार कोण?

मार्च २०२०मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि फोनवरून तपासण्याला नियमांची चौकट मिळाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू झाली. तिचे मध्यवर्ती केंद्र म्हणजे बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास तज्ज्ञाशी जोडून देतो. ही सेवा खास जखमी कामगारांसाठी नाही, पण त्यांनाही ती खुली आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.