नॉक्टर्नला गळा कसा फुटला

1776 मध्ये मोत्सार्टनं रचलेली ‘सेरेनाता नोत्तुर्ना’ ही वादकांच्या ताफ्यानं मिळून वाजवायची रचना. अठराव्या शतकात रात्रीचं संगीत असं मैफलीचं, करमणुकीचं असे. त्याला एकांतात नेलं ते डब्लिनच्या जॉन फील्डनं.

फील्ड (1782–1837) लंडनमध्ये मुझिओ क्लेमेंटीचा शिष्य होता. क्लेमेंटीचा पियानोचा व्यवसायही होता आणि गिऱ्हाइकांना वाद्यं वाजवून दाखवायचं काम या मुलाकडे असे. वाद्याचा आवाज कुठं खुलतो, हे त्याला तिथं नेमकं उमगलं असणार. 1802 मध्ये गुरूबरोबर तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि रशियातच रमला. तिथंच 1812 मध्ये त्याचे पहिले नॉक्टर्न, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या रात्रगीतासारख्या रचना, छापून आले.

पियानोचा स्वर आघातानं उमटतो आणि लगेच विरू लागतो. त्यावर गाणं अवघडच. फील्डनं उजव्या पेडलचा आधार घेतला. ते दाबलं की खर्जाचा स्वर बोट उचलल्यावरही घुमत राहतो आणि डावा हात वरच्या स्वरांकडे जायला मोकळा होतो. या भरीव साथीवर उजव्या हाताची एकच सुरावट तरंगते. नॉक्टर्नचा सगळा स्वभाव या साध्या युक्तीत आहे.

शोपाँनं तीच मांडणी उचलली. 1831 मध्ये पॅरिसला आल्यावर त्याचं वादन ऐकून पियानोवादक काल्कब्रेनरनं त्याला विचारलं होतं, की तू फील्डचा शिष्य का? पुढच्याच वर्षी त्याचे ‘ओपस 9’चे तीन नॉक्टर्न प्रसिद्ध झाले. त्यांतला दुसरा, ई फ्लॅट मेजरमधला, जगभर वाजतो. सुरुवातीलाच सुरावट एका झेपेत वर जाते आणि मग सावकाश उतरते. हीच सुरावट एकूण चार वेळा येते, आणि दर वेळी तिच्यावर नव्या हरकती, नव्या मुरक्या चढतात. ही नुसती नक्षी नव्हे. शोपाँला इटालियन ऑपेराचं वेड होतं. चांगले गायक ऐका, असं तो शिष्यांना बजावत असे. भाव दाटून आला की गायकाचा गळा जसा फिरतो, तशी इथं बोटं फिरतात.

डावा हात मात्र डगमगत नाही. ठेका धरून बसलेल्या तबल्यासारखा तो लय सांभाळतो, म्हणून उजव्या हाताला रेंगाळता येतं. हल्ली अनेक वादक दोन्ही हात एकदमच ढिले सोडतात आणि रचना पेंगायला लागते. शोपाँनं दिलेली गती तशी बरीच चालती आहे. शेवटाकडे तर सूर जोरकस चढत जातो, ताल क्षणभर थांबतो, चार स्वरांची एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरते, आणि मगच सगळं अगदी हलकं होत विसावतं.

लंडनच्या प्रकाशकानं या तिन्हींना ‘सीन नदीची कुजबुज’ अशा अर्थाचं फ्रेंच नाव चिकटवलं, तेव्हा शोपाँ संतापला होता. सुरावटीच्या बाबतीत मात्र त्याचा हात मोकळा होता: शिष्यांच्या प्रतींवर तो याच नॉक्टर्नसाठी वेगवेगळ्या हरकती लिहून देई. त्यांतल्या काही आजच्या आवृत्त्यांत मूळ स्वरलिपीबरोबर छापलेल्या सापडतात.