मुक्तीत, 1905 च्या पावसाळ्यात

केडगाव स्टेशनवर तुम्हाला उतरवून गाडी दौंडकडे निघून जाते. तुम्ही चिखल तुडवत पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची वाट धरता. जुलैचे पहिले दिवस आहेत, साल 1905. फाटकाच्या अलीकडेच आवाज कानांवर आदळतो. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्यानं, आपापल्या शब्दांत प्रार्थना करताहेत. मराठी, गुजराती, हिंदी. कुणी हुंदके देतेय, कुणी पापांची कबुली देतेय, कुणाचा चेहरा आनंदानं उजळलाय.

यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून इथं आल्या. काही 1897 मध्ये मध्य प्रांतातून, काही 1900 च्या आसपास गुजरातेतून, नुसत्या हाडांच्या सापळ्यागत. आता त्या उपासना चालवताहेत.

29 जूनच्या पहाटे काय झालं, ते रमाबाईंच्या सहकारी मिशनरी मिनी एब्रॅम्स सांगतात. साडेतीनचा सुमार. एका मुलीच्या अंगावर आग दिसली म्हणून तिची सोबतीण पळत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच तिच्या ध्यानात आलं, ही तर जळतच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या आणि सगळी सभा रडत प्रार्थनेला लागली.

बाहेरून येणारे या गलक्यानं बिचकतात, काहींना तो शिस्तीबाहेरचा वाटतो. तुम्हीही दारातच थबकता. रमाबाई शांत आहेत. त्यांना ऐकू कमी येतं. इंग्लंडात वैद्यकी शिकायचं स्वप्न त्यामुळंच मागं पडलं. भारतीय माणसानं भारतीय रीतीनं देवाला हाक मारावी, त्याला पाश्चात्त्य वळण लावू नये, ही त्यांची ठाम भूमिका. मला ती त्यांच्या विद्वत्तेइतकीच मोठी वाटते.

पण ही आत्म्याची आग सगळ्यांवरच उतरते का? हे विचारायला तुम्ही छापखान्यात जा.

इथं शिशाचे खिळे जुळवणाऱ्या मुली उभ्या आहेत. एकीकडं बघा. डाव्या हातात पट्टी, उजव्या हातानं ती खान्यातून खिळा उचलते, अंगठ्यानं चाचपते, उलटं अक्षर सुलटं वाचते आणि ओळीत बसवते. बोटं काळी झालीत. काना, मात्रा, वेलांटी, एकही हलता कामा नये. याच सुमारास रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचा ध्यास घेतलाय. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत ते हवं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकताहेत. पुढं ते बायबल इथल्याच बायका जुळवून छापतील. त्याची शेवटची प्रुफं हातावेगळी करून 5 एप्रिल 1922 ला रमाबाई जातील, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर येईल.

या मुलीला तुम्ही विचारता, तुझ्यावर आग उतरली का? ती मान हलवते. नाही. खिळा बसवते, पुढचा उचलते. तिच्या चेहऱ्यावर कमीपणाचा लवलेश नाही.

तिथंच मुक्तीचं खरं सामर्थ्य आहे, असं मी मनापासून मानतो. करिंथच्या मंडळीत पौलाला नेमकं हेच निस्तरावं लागलं होतं: अन्य भाषा बोलणारे स्वतःला वरचढ समजू लागले, बाकीचे खाली माना घालू लागले. त्यानं कृपादानांची यादी दिली तेव्हा चमत्कार आणि रोग बरे करणं यांच्याच रांगेत साहाय्य करणं आणि कारभार सांभाळणंही बसवलं. आपण ती यादी वाचताना मधली दोन नावं सहज ओलांडून जातो. इथं ती ओलांडून चालत नाही. सुमारे दोन हजार तोंडांना रोज जेवू घालायचं, विहिरी, शेत, माग, अंध मुलींची शाळा, आजारी बायका. सकाळी आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला गेलेल्या मुलींच्या तुकड्या परततील, तेव्हा त्यांना भूक लागलेली असेल.

स्वयंपाकघरात धूर कोंडलाय. ओली लाकडं धड पेटत नाहीत. एक बाई परात तुमच्याकडं सरकवते. "नुसतं बघत काय उभ्या राहिलात? पीठ मळता येतं ना? बसा मग, अजून ढीगभर भाकऱ्या व्हायच्यात."